भामटा कोणाला म्हणायचे

समाजात चालत आलेला नियम मोडणाऱ्या वागण्याला समाजशास्त्रात विचलन म्हणतात. व्याख्या एका ओळीत संपते. अडचण येते ती ‘नियम’ या शब्दापाशी, कारण समाज ज्या नियमांवर चालतो त्यातले फार थोडे कुठे लिहून ठेवलेले असतात. मुंबईच्या लोकलमध्ये दुसऱ्या वर्गाचा बाक तिघांसाठी असतो, पण गर्दीच्या वेळी त्यावर चौघे बसतात. चौथ्याला जेमतेम अर्धी जागा मिळते, तरी ‘जरा सरकून घ्या’ म्हटल्यावर तिघांनी सरकायचे हे ठरलेले असते. रेल्वेच्या पुस्तकात ही चौथी सीट नाही. न सरकणाऱ्याला दंडही होत नाही. आजूबाजूचे फक्त त्याच्याकडे बघतात, कोणीतरी ‘नवीन दिसतोय’ असे पुटपुटतो, आणि पुढचे स्टेशन येईपर्यंत तो सरकलेला असतो. याच्या उलट गोष्ट संध्याकाळच्या विरार फास्टची. तिच्यात चढून बोरिवलीला उतरू पाहणारा माणूस कायद्याने अगदी बरोबर असतो: खिशात पास आहे, गाडी बोरिवलीला थांबते. पण रोजच्या विरारकरांच्या लेखी तो अपराधी ठरतो. बोरिवलीसाठी वेगळ्या गाड्या असताना त्याने लांब जाणाऱ्यांची जागा का अडवावी? टोमणे, कोपराचे ढोसे, आणि प्रसंगी दारापर्यंत पोहोचूच न देणे ही त्याची शिक्षा.

म्हणजे कायदा मोडणे आणि विचलन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या कधी एकमेकींवर पडतात, कधी पडत नाहीत. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विल्यम ग्रॅहम सम्नर याने १९०६ साली अलिखित नियमांचे दोन थर सांगितले. लग्नाच्या पंगतीला चप्पल काढून बसणे, वडीलधाऱ्यांना अरेतुरे न करणे या लोकरीती. त्या मोडल्या तर माणूस अडाणी किंवा उद्धट ठरतो. रक्ताच्या नात्यात लग्न न करणे, विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू न लाटणे ही लोकनीती; ती मोडली तर माणूस वाईट ठरतो. कायद्याचा थर या दोहोंच्या वर येतो आणि त्यामागे पोलीस व न्यायालय उभे असते. खालचे दोन थर राखायला मात्र पोलीस लागत नाही. ते काम ‘लोक काय म्हणतील’ हे तीन शब्द करतात, आणि फार कमी खर्चात करतात.

कोणतेही कृत्य मुळातच विचलित नसते, ते कोठे, कधी आणि कोणाच्या नजरेसमोर घडले यावर ठरते, हे समजायला पुण्यातले एक उदाहरण पुरेसे आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला पुण्यातली चाळीसएक प्रतिष्ठित मंडळी गेली होती. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. कार्यक्रमानंतर चहा-बिस्किटे आली. काहींनी चहा घेतला, काहींनी पेला नुसता हातात धरला. उपस्थितांतल्या गोपाळराव जोशी यांनी नंतर या मंडळींची नावे वृत्तपत्रात छापून आणली आणि गहजब झाला. मिशनऱ्यांच्या हातचा चहा म्हणजे धर्मबाह्य वर्तन. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, प्रायश्चित्ताची भाषा सुरू झाली. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनीही पुढे प्रायश्चित्त घेतले आणि त्याबद्दल सुधारकांची नाराजी ओढवून घेतली. एकाच पेल्यामुळे सनातन्यांच्या नियमाने एकदा आणि सुधारकांच्या नियमाने दुसऱ्यांदा, असे ते दोन्हीकडून विचलित ठरले. चहा तोच होता. यातली एक बारीक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे: चहा प्याला गेला तेव्हा काहीच घडले नाही, नावे छापून आली तेव्हा घडले.

सुमारे अडीच वर्षांनी, मार्च १८९३ मध्ये, धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. विधवाविवाहाला कायद्याची मान्यता १८५६ पासून होती, म्हणजे कायदा कर्व्यांच्या बाजूने होता. कोकणातल्या मुरूड या त्यांच्या गावाने मात्र त्यांच्यावर बहिष्कार टाकला. याच कर्व्यांना १९५८ साली, वयाची शंभरी गाठताना, भारतरत्न देण्यात आले.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दर्कहाइम याने १८९५ साली असाच काहीसा मुद्दा मांडला होता आणि त्या काळात तो अनेकांना चमत्कारिक वाटला. गुन्हा हा समाजाचा आजार नसून समाजाच्या नेहमीच्या प्रकृतीचा भाग आहे, असे त्याचे म्हणणे होते. त्याने एक कल्पना करून दाखवली: सगळेच संत असलेला एक मठ घेतला, तरी तिथे गुन्हा उरेलच. बाहेरच्या जगात ज्याकडे कोणी लक्षही देणार नाही अशी बारीकशी चूक तिथे महापाप ठरेल. नियम मोडणाऱ्याला शिक्षा करताना उरलेले सगळे एकत्र येतात, आपल्या मर्यादा कुठवर आहेत हे त्यांना पुन्हा एकदा कळते, आणि म्हणून विचलन समाजाला एका अर्थाने उपयोगी पडते. शिवाय आज नियम मोडणाऱ्यांपैकी काही जण उद्याची नीती आधी आचरत असतात. दर्कहाइमने यासाठी सॉक्रेटिसचे उदाहरण दिले. मराठी वाचकाला कर्वे अधिक जवळचे.

सगळेच नियम मोडणारे अर्थात उद्याचे महर्षी नसतात. माणसे नियम का मोडतात याचे एक उत्तर रॉबर्ट मर्टन याने १९३८ साली दिले. समाज सगळ्यांना एकच ध्येय शिकवतो, पैसा आणि यश. ते गाठायचे सरळ रस्ते मात्र सगळ्यांना सारखे उपलब्ध करून देत नाही. या ओढाताणीत काही जण ध्येय धरतात आणि रस्ता सोडतात. पेपरफुटीच्या टोळीकडून प्रश्नपत्रिका विकत घेणारा स्पर्धा परीक्षेचा उमेदवार हा त्यातला. काही जण ध्येय विसरतात आणि रस्ता मात्र काटेकोरपणे धरून बसतात. अर्जावरची एक सही राहिली म्हणून म्हातारीची पेन्शन अडवणारा कारकून मर्टनच्या हिशेबात यांच्यात बसतो, जरी तो स्वतःला नियमांचा रखवालदार समजत असेल. काही दोन्ही सोडतात, काही दोन्ही बदलू पाहतात. मर्टनची मांडणी नेटकी आहे, पण तिचा भर नकळत गरिबांच्या गुन्ह्यावर राहतो. ज्याला सरळ रस्ता उघडा आहे तो वाकडा का घेतो, याचे उत्तर तिच्यातून सहज मिळत नाही.

ती उणीव एडविन सदरलँड याने पुढच्याच वर्षी, १९३९ मध्ये, बोट ठेवून दाखवली. त्याने वापरलेल्या संज्ञेला मराठीत जणू आधीपासूनच शब्द तयार होता: पांढरपेशा गुन्हा. प्रतिष्ठित माणसाने आपल्या व्यवसायाच्या ओघात केलेला गुन्हा असा त्याचा अर्थ. सदरलँडने ७० मोठ्या अमेरिकन कंपन्यांविरुद्धच्या निकालांचा अभ्यास करून १९४९ मध्ये पुस्तक काढले, तेव्हा प्रकाशकाच्या आग्रहामुळे त्याला कंपन्यांची नावे गाळावी लागली. संपूर्ण पुस्तक १९८३ साली, त्याच्या मृत्यूनंतर तेहतीस वर्षांनी, बाहेर आले. मराठी भाषेतही हा भेद मुरलेला आहे. पाकीट मारले तर ‘चोरी’, पतसंस्था बुडवली तर ‘गैरव्यवहार’. रक्कम वाढत जाते तसा शब्द संस्कृत होत जातो: अफरातफर, अपहार, आर्थिक अनियमितता. चोर पकडला जातो. संचालकांवर ‘ठपका ठेवला’ जातो.

एव्हाना प्रश्न बदललेला दिसेल. नियम कोण मोडतो यापेक्षा मोडल्याचा शिक्का कोणावर बसतो हा प्रश्न पुढे आला. हॉवर्ड बेकर हा शिकागोतला समाजशास्त्रज्ञ जॅझ पियानोवादकही होता. रात्री क्लबांत वाजवताना त्याने गांजा ओढणारे वादक जवळून पाहिले होते. १९६३ सालच्या ‘आउटसायडर्स’ या पुस्तकात त्याने म्हटले की विचलन हा कृत्याचा गुण नाही. इतरांनी नियम लावून एखाद्याला ‘बाहेरचा’ ठरवण्याचा तो परिणाम आहे. नियम बनवून घेण्यासाठी धडपडणारे, नीतीचा जणू उद्योगच चालवणारे लोक समाजात असतात, आणि त्यांच्याकडेही अभ्यासकाने पाहिले पाहिजे. एडविन लेमर्टने त्याआधी १९५१ मध्ये एक उपयोगी भेद केला होता. पोराने पहिल्यांदा केलेली चोरी हे प्राथमिक विचलन. असे बहुतेकांच्या आयुष्यात कधी ना कधी घडून जाते आणि विसरले जाते. पण त्याला ‘चोर’ हे नाव चिकटले, शाळेने काढले, दुकानदाराने गल्ल्याजवळ उभे करायचे थांबवले, आणि मग त्याने त्या नावाभोवतीच आयुष्य बांधले, तर ते दुय्यम विचलन. पहिले शिक्क्याच्या आधी येते, दुसरे शिक्क्यामुळे.

शिक्क्याचा सिद्धांत अमेरिकेत मांडला गेला, पण त्याचा सर्वांत मोठा प्रयोग त्याच्या कितीतरी आधी हिंदुस्थानात झालेला होता. १८७१ साली ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. एखादी जमात, टोळी किंवा वर्ग सराईतपणे गुन्हे करतो असे प्रांतिक सरकारला वाटले, तर ती जमात ‘गुन्हेगार’ म्हणून जाहीर करता येई आणि त्या जाहिरनाम्याला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येत नसे. त्यामागचा युक्तिवाद साधा होता, म्हणूनच भयंकर. या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो आणि विणकराचा विणकर, तेव्हा चोराचा मुलगा चोरच होणार. जातिव्यवस्थेबद्दल साहेबाने जे ऐकले होते त्यातून त्याने गुन्ह्याचीही एक जात तयार केली. कायदा आधी उत्तरेत लागू झाला. १९११ च्या नव्या कायद्याने त्याचा पल्ला सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानावर गेला, मुंबई इलाखाही त्यात आला.

जाहीर झालेल्या जमातीत जन्मलेल्या प्रत्येकाचे नाव नोंदवहीत चढे, बोटांचे ठसे घेतले जात. पोलिसांकडे ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे. गावाबाहेर जायचे तर पास. लग्नाला शेजारच्या गावी जाऊन उशीर झाला तरी गुन्हा, कारण हजेरी चुकली. काही जमातींना सेटलमेंट नावाच्या वस्त्यांत नेऊन ठेवले गेले. सोलापूरची सेटलमेंट त्यातली मोठी. तारेच्या कुंपणाआड कैकाडी, पारधी, कंजारभाट, टकारी, मांग गारुडी अशा अनेक जमातींची कुटुंबे राहत आणि त्यांतली माणसे सोलापूरच्या कापड गिरण्यांत कामाला जात. सुधारणा आणि स्वस्त मजूर या दोन गोष्टी इथे एकाच फाटकातून आत-बाहेर करत होत्या.

या जमातींकडे थोडे मागे जाऊन पाहिले तर ‘गुन्हेगारी’चे मूळ दिसते. बंजारे बैलांच्या तांड्यांवरून मीठ आणि धान्य देशभर वाहून नेत. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत त्यांचा धंदा रुळांनी गिळला. पारध्यांची शिकार १८६५ आणि १८७८ च्या वन कायद्यांनी आकसली आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाच झाली. फिरत्या माणसावर कर बसवणे कठीण, त्याच्यावर नजर ठेवणे कठीण. स्थिर शेतकऱ्यावर उभ्या असलेल्या राज्याला तो मुळातच संशयास्पद वाटला. पोट भरायची जुनी वाट बंद झाल्यावर काहींनी चोऱ्या केल्या हेही खरे आहे. ‘उचल्या’ या आत्मकथनात लक्ष्मण गायकवाडांनी आपल्या समाजातल्या उचलेगिरीचे वर्णन काहीही न झाकता केले आहे, आणि त्याचबरोबर चोरी न करणारालाही पोलीस कसे उचलून नेत तेही सांगितले आहे. लेमर्टचा दुय्यम विचलनाचा मुद्दा या पुस्तकात एखाद्या पाठ्यपुस्तकापेक्षा स्पष्ट दिसतो. त्याआधी, १९८० साली, कैकाडी समाजातल्या लक्ष्मण माने यांचे आत्मकथन आले. त्याचे नाव ‘उपरा’. बेकरच्या पुस्तकाच्या नावाला मराठीत याहून चांगला शब्द सापडणार नाही, आणि मान्यांना तो बेकरकडून घ्यावा लागला नव्हता.

हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. तेव्हापासून या जमाती ‘विमुक्त’ म्हणवल्या जातात आणि त्या दिवशी विमुक्त दिन पाळतात. कायदा गेला तरी त्याच्या जागी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले; मुंबई राज्याचा १९५९ मध्ये. भाषेने तर कायद्यालाही मागे टाकले. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत १४ जाती आहेत आणि त्यांत ‘भामटा’ हे नाव आहे. त्याच महाराष्ट्रात कोणत्याही दिवशीचे वर्तमानपत्र उघडले तर ‘भामट्याने वृद्धेला गंडा घातला’ हा मथळा सापडतो. लिहिणाऱ्या उपसंपादकाच्या मनात कोणतीही जात नसते. शाळेच्या दाखल्यावर ते नाव असलेल्या मुलाला तो मथळा कसा दिसत असेल, हा प्रश्न त्याला पडायचे कारणच नसते. अशा चिकटलेल्या खुणेला आर्विंग गॉफमनने १९६३ मध्ये कलंक म्हटले: माणसाच्या इतर सगळ्या ओळखी झाकून टाकणारी एकच ओळख. तीन ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतली कामे जातीनुसार वाटणारे नियम रद्द केले आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितला. ते नियम तोपर्यंत पुस्तकांत होते.

शिक्का कोणावर बसणार हे बऱ्याचदा माणूस समाजाच्या उतरंडीत कुठे आहे यावर ठरते. विल्यम चॅम्ब्लिस याने १९७३ साली एका अमेरिकन शाळेतल्या मुलांच्या दोन टोळक्यांची हकीगत लिहिली. आठ मुले सुखवस्तू घरांतली, त्यांना त्याने ‘संत’ म्हटले. सहा गरीब घरांतली, ती ‘दांडगट’. शाळा बुडवणे, दारू पिणे, चोऱ्या, मोडतोड असे सगळे एकत्र धरले तर दोन्ही गट साधारण सारखेच होते. पण संतांकडे मोटारी होत्या, त्यामुळे त्यांचे उद्योग गावाबाहेर चालत. दांडगट गावातल्याच नाक्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उभे असत. पोलिसाने हटकले तर संत नम्रपणे माफी मागत, दांडगट गुरकावत. गावाने संतांना ‘पोरकटपणा करतात, पण भविष्य आहे’ म्हटले आणि दांडगटांना वाया गेलेले ठरवले. पुढे संतांपैकी जवळजवळ सगळे पदवीधर झाले. दांडगटांतल्या दोघांना फुटबॉलमुळे शिष्यवृत्ती मिळाली आणि ते शिक्षक झाले. दोघे खुनाच्या शिक्षेवर तुरुंगात गेले. पुण्या-मुंबईच्या कोणत्याही सोसायटीत गणपतीच्या मांडवामागे पत्ते कुटणारी मुले ‘आपली पोरं’ असतात आणि शेजारच्या झोपडपट्टीतल्या नाक्यावर तेच करणारी ‘टपोरी’. यासाठी चॅम्ब्लिस वाचायची गरज नाही, पण वाचल्यावर चुकल्यासारखे वाटते.

ही उतरंड म्हणजे सामाजिक स्तरीकरण, आणि वर्ग हा तिचा एक प्रकार. मार्क्सच्या मते वर्ग ठरतो तो उत्पादनाच्या साधनांशी असलेल्या नात्यावरून: गिरणी कोणाची आणि तिच्यात राबते कोण. मॅक्स वेबरला एवढ्याने भागले नाही. बाजारातली कुवत, समाजातली प्रतिष्ठा आणि सत्तेवरची पकड अशा तीन गोष्टी त्याने वेगळ्या केल्या, कारण त्या नेहमी एकत्र नांदत नाहीत. पौरोहित्य करणारा गरीब भटजी प्रतिष्ठेत वर आणि बाजारात खाली असतो. जमीन विकून एका रात्रीत कोट्यधीश झालेल्या शेतकऱ्याला पैसा मिळतो, पण क्लबाचे सदस्यत्व मिळेलच असे नाही. या न मिळण्याचे स्पष्टीकरण फ्रेंच अभ्यासक पिएर बोर्दियू याच्याकडे सापडते. पैशाखेरीज सांस्कृतिक भांडवलही असते, असे तो म्हणतो: बोलण्याची ढब, आवडीनिवडी, कुठे काय बोलू नये याची जाण. हे भांडवल घरात, न शिकवता, मिळते आणि शाळा त्यालाच गुण देते. मराठीत त्याची सर्वांत लहान नाणी म्हणजे ‘ण’ आणि ‘न’. वर्गात ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला ‘पाणी’ म्हण असे दहा वेळा सांगितले जाते. सांगणाऱ्या बाईंचा हेतू चांगला असतो. पण मुलगा त्यातून एवढेच शिकतो की आईची भाषा अशुद्ध आहे आणि तोंड न उघडणे जास्त सुरक्षित. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ‘न’ मध्ये कमी काहीच नाही. ‘ण’ला भाव आहे तो ज्यांच्या तोंडी तो होता त्यांच्या दर्ज्यामुळे.

भारतात वर्ग एकटा कधीच येत नाही, जात बरोबर असते. दोन्हीचा गुंता मुंबईच्या गिरणगावात जितका उघड दिसे तितका क्वचित कुठे दिसला असेल. गिरणीत सगळे कामगार, म्हणजे मार्क्सच्या अर्थाने एकच वर्ग. तरी जास्त पगार मिळणाऱ्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नसे. कारण यंत्राच्या एका तपशिलात होते: धोट्यातला धागा संपून नवी कांडी घातली की तो डोळ्यातून तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि तो धोटा पुढच्या पाळीत दुसऱ्याच्या ओठांना लागे. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी ही बंदी उठवण्याची मागणी संपाच्या मागण्यांत असावी असा आग्रह धरला. वर्गाच्या एकजुटीची भाषा करणाऱ्या पुढाऱ्यांना तो सुरुवातीला अडचणीचा वाटला, यात नवल नाही. आर्थिक हित एक असणे आणि आपण एक आहोत असे वाटणे यांत अंतर असते, आणि ते अंतर काटणे म्हणजेच वर्गाचा समूह होणे. १८ जानेवारी १९८२ पासून दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा गिरणगावात वर्ग हा समूह म्हणून रस्त्यावर दिसला. गिरण्या बंद पडत गेल्या तसा तो पुन्हा विखुरला: कोणी गावी शेतीला, कोणी सुरक्षारक्षकाच्या खुर्चीत.

समूह म्हणजे नुसती गर्दी नव्हे. फलाटावर उभे असलेले हजार लोक समाजशास्त्राच्या भाषेत समूह नसतात, ८.१२ च्या ठरलेल्या डब्यात ठरलेल्या दाराशी रोज भेटणारे नऊ जण असतात. ते एकमेकांना ओळखतात, जागा धरतात, दादरनंतर बसलेला उठून उभ्याला बसवतो, टाळ-झांजा घेऊन भजन करतात, दसऱ्याला डबा सजवतात, आणि नवव्याचा मुलगा दहावीला किती टक्के मिळवून पास झाला हे आठ जणांना माहीत असते. चार्ल्स कूली याने १९०९ मध्ये अशा जवळिकीच्या गटाला प्राथमिक समूह म्हटले. कुटुंब, बालमित्र, वाडी हे त्याचे नमुने. ऑफिस, संघटना, पक्ष हे दुय्यम समूह, जिथे माणूस कामापुरता असतो. लोकलचा ग्रुप या दोन खणांपैकी नेमका कुठे घालायचा यावर वर्गात छान वाद होतो.

‘आपण’ तयार झाले की ‘ते’ आपोआप तयार होतात. मुझफर शेरीफ याने १९५४ मध्ये ओक्लाहोमातल्या एका शिबिरात अकरा-बारा वर्षांची २२ मुले दोन गटांत विभागली. मुले एकमेकांना अनोळखी, सारख्याच घरांतली. गटांत सामने लावल्यावर काही दिवसांतच शिवीगाळ, झेंडे जाळणे, खोल्यांवर धाडी इथपर्यंत मजल गेली. नुसते एकत्र जेवायला बसवून भांडण मिटले नाही, जेवणाची फेकाफेक झाली. पाण्याची टाकी बिघडली आणि ती सगळ्यांनी मिळून दुरुस्त करावी लागली, तेव्हा कुठे धार बोथट व्हायला लागली.

समूह बाहेरच्याशी कसा वागतो याहून तो आतल्याला कसा वाकवतो हे कमी दिसते. सॉलोमन अ‍ॅश याने १९५१ पासून केलेले प्रयोग साधे होते. एक रेघ दाखवायची आणि तीन रेघांपैकी तिच्याएवढी कोणती ते विचारायचे. एकट्याला विचारले तर चूक जवळजवळ होत नसे. पण खोलीतले बाकी सगळे आधीच सांगून ठेवलेले असत आणि ते एकमुखाने चुकीची रेघ सांगत. खरा उमेदवार शेवटी शेवटी बोलायचा. अशा वेळी दिलेल्या उत्तरांपैकी साधारण एक तृतीयांश गटामागे जाऊन चुकली, आणि सुमारे तीन चतुर्थांश उमेदवारांनी निदान एकदा तरी डोळ्यांपुढचे नाकारले. अ‍ॅशने त्यात एक बदल करून पाहिला: सांगून ठेवलेल्यांपैकी एकाने खरे उत्तर द्यायचे. तेवढ्याने दबाव कोसळला, चुका सुमारे चौथाईवर आल्या. एकट्या माणसाला बहुमताविरुद्ध जाणे जड जाते, पण दुसरा एक जण सोबत असला की बरेच सोपे होते. डब्यात बोरिवलीला उतरणाऱ्याची बाजू घेणारा एखादा विरारकर निघाला, तर उरलेले बरेचदा वाट देतात, ते याच कारणाने.

विचलन, वर्ग आणि समूह या तिन्ही गोष्टी एकत्र पाहायला मिळतात ती जागा म्हणजे जातपंचायत. आंतरजातीय लग्न, पंचांचा दंड न भरणे, तक्रार घेऊन पोलिसांकडे जाणे अशा कारणांनी कुटुंब वाळीत टाकले जाते. रोटी-बेटी बंद होते, मर्तिकाला खांदा मिळत नाही, देवळात शिरू देत नाहीत. जेवढा समूह लहान आणि बाहेर जाण्याची वाट अरुंद, तेवढा हा दंड जबर. शहरात स्वतंत्र घर आणि नोकरी असलेला माणूस पंचांना एखाद वेळी झुगारू शकतो, गावात त्यांच्याच उधारीवर जगणारा नाही. मुंबई राज्याने बहिष्कृत करण्याच्या प्रथेविरुद्ध १९४९ मध्येच कायदा केला होता, पण सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंच्या याचिकेवर तो रद्द केला: धर्मसंप्रदायाला आपला कारभार पाहण्याचा हक्क आहे, या आधारावर. त्यानंतर अर्धशतक उलटले. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींना मूठमाती देण्याची मोहीम चालवली, वाळीत टाकल्याच्या तक्रारी उघड होऊ लागल्या, आणि महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा संमत केला. तो ३ जुलै २०१७ पासून लागू आहे. बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. असा ठराव करायला बैठक भरवणे हाही त्यात गुन्हा आहे. १८९३ साली मुरूडच्या लेखी नियम मोडणारे कर्वे होते. त्यांच्यावर बहिष्कार टाकायला बैठक आज भरली असती तर पोलीस ठाण्यात नावे लिहिली गेली असती ती बैठकीला बसलेल्यांची.